गार इंजिनाचा ठोका

मिस्त्री गाडीवाल्याच्या दारात पोचले तेव्हा सहा वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि ट्रक सुरू होता. नुसता सुरू नव्हता, चांगला अर्धा तास चालून गरम झालेला होता. बॉनेटमधून ऊब येत होती आणि इंजिन एका सुरात घुमत होतं, जसं काही त्याला आयुष्यात कधी दुखलंखुपलंच नाही.

"तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली," गाडीवाला हसत म्हणाला. "म्हटलं एवढ्या पहाटे चालत येताय, तुमचा खोळंबा नको."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे भल्या माणसा, मी आलोय कशाला?"

"ठोका ऐकायला."

"ठोका कधी येतो?"

"इंजिन गार असताना."

"मग?"

गाडीवाल्यानं घाईघाईनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, जणू तेवढ्यानं झालेली चूक निस्तरणार होती. त्याची चूक अशी की ती चूक आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आपल्या गाडीजवळ कोणी येणार असलं की ती आधी गरम करून ठेवायची, हा त्याचा आदरसत्कार होता. लोक खुर्ची पुसून देतात, हा इंजिन गरम करून द्यायचा.

हे दुखणं मोठं लबाड होतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन सकाळी सुरू केलं की पहिली दहा मिनिटं आतून टाक-टाक-टाक असा ठोका यायचा. कोणी आतून बोटाच्या पेरानं पत्रा वाजवावा तसा. इंजिन गरम झालं की ठोका गायब. मग दिवसभर ट्रक चढ चढायचा, ओझं ओढायचा, आवाज नाही. पुन्हा ठोका ऐकायचा तर दुसरी सकाळ उजाडावी लागायची. म्हणजे चोवीस तासांत दहा मिनिटं. तीही त्या मंगळवारी गाडीवाल्याच्या चांगुलपणात वाहून गेली.

आणि वेळ थोडा होता. माल वाहून नेणाऱ्या एका कंपनीचा तपासनीस सोमवारी सकाळी सहा वाजता येणार होता. तो गार इंजिन स्वतः सुरू करून ऐकायचा. ठोका आला की गाडी नापास. गाडीवाल्याला त्या कंपनीचं काम हवं होतं, त्याच्या बायकोला त्याहून जास्त हवं होतं.

मिस्त्रींचं मात्र दुखणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. हे इंजिन तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच गॅरेजात पूर्ण उघडून नव्यानं बांधलेलं होतं. अर्धं त्यांनी आणि अर्धं त्यांच्या धाकट्या भावानं.

ती त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत होती. सहा सिलिंडरचं इंजिन बांधायचं तर पुढचे तीन पिस्टन थोरल्याचे, मागचे तीन धाकट्याचे. एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. म्हातारा म्हणायचा, "दोघांनी मिळून केलेल्या कामाची चूक कोणाचीच नसते. वाटून केलं तर ज्याची त्याला सापडते." म्हातारा कारागीर मोठा होता. फक्त त्याला हे सुचलं नाही की चूक सापडायची तर आधी शोधावी लागते.

इंजिन बांधून गाडीवाल्याला दिलं आणि चौथ्या सकाळी तो परत आला; गाडी त्यानं आदल्या रात्रीच फाटकाशी आणून लावली होती. "मिस्त्री, सुरू करताना आतून कोणीतरी ठोकतंय." तेव्हा गॅरेजच्या दारात पाच-सहा जण जमले होते. मिस्त्रींचा कान हा त्या रस्त्यावरचा एक चमत्कार समजला जायचा. गाडी कोपऱ्यावर वळली की हे आतून सांगायचे, हिचा पट्टा सैल आहे, हिचं एक नोझल गळतंय. लोक त्यांना कानाचे मिस्त्री म्हणायचे आणि मिस्त्रींना ते ऐकायला फार आवडायचं. त्या दिवशीही त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर निकाल दिला.

"मागून येतोय. धाकट्याच्या हातचं काम आहे."

धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, उघडून बघू या."

"उघडायचंय काय त्यात? मला कान आहेत."

गाडीवाल्याला मालाच्या खेपा होत्या, गरम इंजिन ओरडत नव्हतं, म्हणून ते उघडायचं राहून गेलं. राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवसापासून धाकटा गॅरेजात आला नाही. महिन्याभरानं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यानं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. तेव्हापासून भावाभावांत जे काही बोलणं व्हायचं ते मिस्त्रींच्या बायकोमार्फत. ती दोन्हीकडे जायची-यायची आणि दोन्हीकडे स्पष्ट बोलायची, म्हणून दोन्हीकडे तिला लोक वचकून असत.

तर आता हा ठोका वाढला होता. दोन मिनिटांचा दहा मिनिटांवर आला होता. मिस्त्रींनी ठरवलं होतं की या वेळी मागचे तीन सिलिंडर उघडायचे, धाकट्याची चूक काढायची, तिच्यावर बोट ठेवायचं आणि तीन वर्षांपूर्वी बोललेला शब्द खरा करायचा.

"उद्या गाडीला हात लावायचा नाही," त्यांनी गाडीवाल्याला बजावलं. "मी येईपर्यंत किल्लीसुद्धा लावायची नाही."

"नाही लावत."

बुधवारी सकाळी पावणेसहाला मिस्त्री पायात चप्पल घालत होते, तर गॅरेजच्या फाटकाशी हॉर्न वाजला. गाडीवाला ट्रक घेऊन हजर. "म्हटलं तुम्ही काल एवढे चालत आलात. आज मीच आणली."

मिस्त्री फाटकाला धरून उभे राहिले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं आणि कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं.

"किल्ली दे," ते शेवटी म्हणाले.

"अजून गार असेल हो थोडी. जवळूनच तर आणली."

"किल्ली दे. आता ही गाडी इथेच राहील आणि किल्ली माझ्या खिशात राहील. तू घरी जा."

गाडीवाला गेला. फाटकातून परत वळून म्हणाला, "सकाळी तुमच्यासाठी कोणी गरम करून—"

"जा!"

गुरुवारी मिस्त्रींना एकदाचं गार इंजिन मिळालं. गॅरेजच्या अंगणात उजाडत होतं. फरशीवर दव होतं, भिंतीला टेकवलेले जुने टायर ओले होते. बॉनेट आदल्या संध्याकाळीच उघडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी किल्ली फिरवली, आणि पहिल्याच फेऱ्याला ठोका आला. टाक-टाक-टाक. तीन वर्षांत असा जवळून त्यांनी तो ऐकलाच नव्हता. मग ते कामाला लागले.

ठोका कुठल्या सिलिंडरमधून येतो हे शोधायची एक साधी रीत आहे. प्रत्येक सिलिंडरला डिझेल नेणारी एक बारीक नळी असते. तिचा नट जरा सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तो काम थांबवतो. ठोका त्याचा असेल तर ठोका मऊ पडतो. नसेल तर चालू राहतो. सहा नट, एक पाना आणि दहा मिनिटं.

मिस्त्रींनी सुरुवात मागून केली. सहावा नट सैल केला. ठोका तसाच. आवळला. पाचवा. तसाच. चौथा. तसाच. त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं आणि मुठीकडची बाजू कानाला. पुन्हा सहावा. पुन्हा पाचवा. चौथा दोनदा. हाताला डिझेल लागून पाना निसटला आणि बोटाची सालटी निघाली. ठोका चालूच होता. मग तो हळूहळू बारीक होत गेला, आणि इंजिन गरम झाल्यावर नेहमीसारखा निघून गेला. मिस्त्रींनी पाना फरशीवर आपटला.

"काय झालं?" बायको दारात चहा घेऊन उभी होती.

"सापडत नाही."

"मग उद्या बघा."

"उद्याच बघावं लागतं ना, तेच तर! हे इंजिन आहे की सरकारी कचेरी? दिवसातून एकदा खिडकी उघडायची आणि आपला नंबर आला की बंद करायची!"

त्या दिवशी त्यांनी मागच्या तिन्ही सिलिंडरची डिझेल फवारणारी नोझल काढून तपासून घेतली. ठीक होती. तेल बदललं, तेलाचा फिल्टर बदलला. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते मागचे दोन पाय बदलले. गाडीवाला दुपारी येऊन सापडलं का म्हणून विचारून गेला, आणि मिस्त्री त्याच्यावर असे वसकन ओरडले की तो फाटकातूनच मागे फिरला.

शुक्रवारी पुन्हा गार इंजिन, पुन्हा किल्ली, पुन्हा टाक-टाक-टाक. सहावा, पाचवा, चौथा. पेचकस कानाला. चौथ्यापाशी आवाज मोठा वाटत होता, पण नट सैल केला तरी कमी होत नव्हता. मिस्त्रींनी चौथ्यावर सहा मिनिटं घालवली. त्यांना आता इंजिनाचा राग येत होता, धाकट्याचा येत होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या कानाचाही येऊ लागला होता. आपल्याला कमी ऐकू यायला लागलं की काय, ही शंका त्यांनी लगेच दाबून टाकली.

बायको अंगण झाडत होती. झाडू थांबवून म्हणाली, "पुढचे तीन बघितलेत?"

"पुढचे कशाला? पुढचे माझे आहेत."

"ते इंजिनाला माहीत आहे का?"

"तुला यातलं काय कळतं?"

"मला मोजता येतं. सहातले तीनच तपासायचे आणि सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. काखेत कळसा नि गावाला वळसा."

मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात इंजिन गरम झालं आणि ठोका गेला. शुक्रवारही गेला.

शनिवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर उठले. अंगणात आले तर ती आधीच तिथे उभी होती, हाताची घडी घालून. मिस्त्रींना म्हणायचं होतं, जा आत, पण म्हणवेना. त्यांनी किल्ली फिरवली. ठोका आला. सवयीनं हात सहाव्याकडे गेला. ती खाकरली. हात मागे आला.

पहिला नट. ठोका तसाच. मिस्त्रींना बरं वाटलं. दुसरा. तसाच. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा, बघितलंस का, अशा नजरेनं. मग तिसरा नट अर्धा फेरा सैल केला, आणि ठोका मऊ पडला. जवळजवळ थांबला.

बायको एक पाऊल पुढे आली.

"प्रतिध्वनी आहे," मिस्त्री म्हणाले.

"काय आहे?"

"चौथा शेजारीच असतो. चौथ्याचा आवाज तिसऱ्यातून येतो. असं होतं कधीकधी."

"बरं. पुन्हा करा."

त्यांनी तिसरा आवळला. टाक-टाक-टाक. सैल केला. मऊ. आवळला. ठोका. सैल केला. मऊ. पाचव्या वेळी त्यांनी पाना खाली ठेवला आणि इंजिन बंद केलं. गरम होण्याआधीच बंद केलं. आता आणखी ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बायको काही न बोलता आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

नऊ वाजता गाडीवाला आला आणि इंजिन उघडायचं काम सुरू झालं. मिस्त्रींना कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की अजून काहीही होऊ शकतं. पिस्टनची रिंग तुटलेली असेल. कंपनीचा मालच खराब आला असेल. सिलिंडरच झिजला असेल, तीन वर्षं काय थोडी झाली? नट काढता काढता ते एकेक कारण मनात लावून बघत होते, आणि प्रत्येक कारण त्यांना पटत होतं. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरलं तेव्हा साडेअकरा झाले होते. सहा पिस्टनचे सहा माथे, काजळीनं काळेकुट्ट, एका ओळीत दिसायला लागले.

पिस्टनच्या माथ्यावर एक बारीकसा बाण कोरलेला असतो. तो गाडीच्या पुढच्या बाजूला यावा लागतो. पिस्टन दिसायला गोल आणि चारी बाजूंनी सारखा असला तरी त्याला रॉडला जोडणारी पिन अगदी मधोमध नसते, सुतभर एका अंगाला असते. उलटा बसला तर इंजिन चालतं, पण गार असताना आकसलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत राहतो. गरम झाला की फुगतो, घट्ट बसतो आणि गप्प होतो. हे पहिल्या वर्षी शिकवतात. मिस्त्रींनी स्वतः धाकट्याला शिकवलं होतं.

त्यांनी पत्र्याच्या तुकड्यानं काजळी खरवडली. सुरुवात या वेळीही मागून केली. सहावा, बाण पुढे. पाचवा, पुढे. चौथा, पुढे. धाकट्याचे तिन्ही बाण शाळेतल्या मुलांसारखे एका रांगेत पुढे तोंड करून उभे होते. पहिला, पुढे. दुसरा, पुढे. तिसरा खरवडायला त्यांनी खूप वेळ लावला. एवढा की गाडीवाला म्हणाला, "मी करू का?"

तिसऱ्याचा बाण मागे होता.

मिस्त्री ट्रकखाली शिरले. धाकट्यानं कधी मागून येऊन हा पिस्टन काढून उलटा घातला असेल का, असा एक विचार त्यांच्या मनात आला, आणि लाज वाटायच्या आत त्यांनी तो धरूनही ठेवला. खालचं तेलाचं चेंबर सोडवलं. दोघा भावांची एक सवय होती. रॉडचा नट शेवटचा आवळून झाला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची. नट नंतर कोणी हलवला तर रेघ तुटते. थोरल्याची रेघ पिवळी, धाकट्याची पांढरी. तिसऱ्या रॉडच्या दोन्ही नटांवर पिवळी रेघ होती. कुठेही तुटलेली नव्हती.

ते तिथेच पाठीवर पडून राहिले. वरून तेलाचा एक थेंब त्यांच्या शर्टावर पडला, मग दुसरा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असली तर निदान चोर दुसरा कोणी असावा, इथे तर फाशी देणाराच चोर. त्यांनी तो दिवस आठवून बघितला. पहिला पिस्टन बसवलेला आठवत होता. तिसरा आठवेना. त्या दिवशी गॅरेजात बरीच माणसं होती आणि आपण एक किस्सा सांगत होतो, तो मात्र पुरा आठवला. एका बसचं इंजिन दोन गल्ल्या पलीकडून ऐकून आपण कसं दुखणं सांगितलं, त्याचा किस्सा. सगळे हसले होते. हात आपोआप चालले होते.

"काय हो, मिळालं का?" गाडीवाल्यानं वाकून विचारलं.

"मिळालं."

"काय होतं?"

"मी होतो," मिस्त्री म्हणाले. गाडीवाल्याला काही कळलं नाही. त्यांनी बाहेर येऊन त्याला सगळं नीट सांगितलं, बाण दाखवला, रेघ दाखवली.

गाडीवाल्यानं मान हलवली. "मग आता सुलटा बसवला की आवाज जाईल?"

"जाईल."

"सोमवारपर्यंत?"

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"मग झालं तर!" तो एवढा खूश झाला की त्यानं मिस्त्रींचा तेलकट हात धरून हलवला. मिस्त्रींना वाटलं, यानं निदान एक शिवी तरी द्यायला हवी होती.

हात न धुताच ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. पंक्चरच्या दुकानात धाकटा एका ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टपात बुडवत होता. बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. मिस्त्रींना बघून तो उठला नाही, पण त्याचे हात थांबले.

"वहिनी बरी आहे ना?" त्यानं घाबरून विचारलं. मिस्त्री स्वतः या दुकानात यायचं दुसरं काही कारण त्याला सुचलं नसावं.

"बरी आहे. ते इंजिन उघडलं आज. तुझे तिन्ही बरोबर होते."

धाकट्यानं ट्यूब टपाच्या काठावर ठेवली.

"माझा एक उलटा होता."

"कितवा?"

"तिसरा."

"रेघ?"

"पिवळी. शाबूत."

धाकट्यानं ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. बुडबुडे एका जागेवरून येत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मिस्त्रींना वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"तीन वर्षांत मी एकही इंजिन उघडलं नाही दादा," तो हळू म्हणाला. "लोक आले होते. दोन-तीनदा चांगली कामं आली होती. मी नाही म्हटलं."

"माझ्यावर रागावून?"

"राग कसला? मला खरं वाटलं. दादाचा कान चुकत नाही, म्हणजे माझा हात चुकतो. साधा हिशोब." त्यानं ट्यूब बाहेर काढली आणि गुडघ्यावर पुसली. "पोरीच्या सायकलचा ब्रेक सैल झाला होता मागे. एक नट आवळायचा. तो मी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून आवळून घेतला. म्हटलं ब्रेक आहे, उगीच माझ्या हातून नको."

मिस्त्रींनी त्याच्या हातांकडे बघितलं. आपण एक वाक्य बोललो होतो, दारात उभं राहून, डोळे मिटून, चारचौघांत छाप पडावी म्हणून. ते वाक्य आपण त्या दिवशीच जेवायला बसेपर्यंत विसरलोही होतो. आणि हा त्याच्याखाली तीन वर्षं राहिला. याच हातांना आपण पाना धरायला शिकवलं होतं.

"चल," ते म्हणाले. "तो तिसरा तू बसव. मी हात लावत नाही."

धाकट्यानं मान हलवली. "मला एकट्याला इथे येऊन सांगितलंस. तेव्हा मात्र सगळ्यांसमोर म्हणाला होतास."

मिस्त्रींना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते तसेच गाड्यांच्या सुट्या पार्टच्या दुकानात गेले. हेडखाली बसणारं नवं गॅस्केट घ्यायचंच होतं, आणि पार्टवाला त्या दिवशी दारात होता हे त्यांना नक्की आठवत होतं. गल्ल्यापाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्रींनी ती जाण्याची वाट बघितली नाही.

"तीन वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला बोल लावला होता. इंजिन त्यानं बिघडवलं म्हणून. तुझ्यासमोर. ते खोटं होतं. चूक माझी होती."

पार्टवाला गॅस्केट शोधत होता. "कोण भाऊ?"

"धाकटा. पलीकडे पंक्चर काढतो तो."

"तो टायरवाला? तुमचा भाऊ आहे तो?" पार्टवाला खरोखर चकित झाला. "मला वाटलं कोणी बाहेरून आलेला आहे. टायरचं काम छान करतो हं."

"इंजिनाचा कारागीर आहे तो," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "माझ्याहून चांगला आहे. ऐकलंस का?"

"ऐकलं ना. गॅस्केट एक देऊ का दोन?"

"त्या दिवशी अजून कोण कोण होतं दारात?"

"कुठल्या दिवशी?"

मिस्त्री गॅस्केट घेऊन रस्त्यावर आले. भर दुपार होती. आपल्याला कोणाकोणाला सांगायचंय याची त्यांनी आठवण करून बघितली. गाडीवाला आणि पार्टवाला. त्यापुढे एकही चेहरा आठवेना. ज्यांच्यासमोर बोललो ते विसरले होते आणि बोलणारा विसरला होता. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की एक माणूस वाटेत नमस्कार करून गेला त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मग ते वळले आणि पुन्हा पंक्चरच्या दुकानाकडे निघाले, कारण दुसरा इलाज नव्हता.

धाकटा एका ट्रकच्या चाकात हवा भरत होता.

"पार्टवाल्याला सांगितलं. गाडीवाल्यालाही सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "बाकीचे कोण होते रे त्या दिवशी? मला आठवत नाहीत."

धाकट्यानं हवेच्या मीटरवरून नजर उचलली नाही. विचार करायला थांबलाही नाही.

"फाटकाच्या डाव्या बाजूला पार्टवाला. त्याच्या शेजारी पिवळ्या टेंपोचा ड्रायव्हर, तो हसला होता. गाडीवाला बॉनेटपाशी. वेल्डिंगवाला आणि त्याचा मेहुणा बाकावर बसले होते. वहिनी पाणी घेऊन आली होती ती पायरीवर." त्यानं हवेची नळी काढली. "आणि माझी पोरगी. डबा घेऊन आली होती, ती वहिनीच्या मागे उभी होती."

मिस्त्रींनी रस्त्याकडे बघितलं.

"ती शाळेतून कधी येते?"

"आज शनिवार. दोनपर्यंत येईल."

मिस्त्रींनी गॅस्केट भिंतीला टेकवून ठेवलं आणि ते एका जुन्या टायरवर बसून राहिले.